मदत हवी आहे: ‘द डिसायपल’ नंतर काय बघू?

मंडळी, चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ (2020) हा सिनेमा अखेर बघितला. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर शास्त्रीय गाणं शिकणारा शरद बाइकवरून जातोय, कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू माईंचं रेकॉर्ड केलेलं बोलणं, मागे तानपुरा. हे प्रसंग डोक्यातून जात नाहीयेत. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा, हे नंतर कळलं! शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड दोघेही मुळात गायक, त्यामुळे गाणं कुठे खोटं वाटत नाही.

आमच्या घरात मात्र दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, ‘फारच संथ, पुढे काही घडतच नाही.’ मला तो संथपणाच आवडला. संथ लयीतला विलंबित ख्याल घाईत कसा गाणार?

तर शास्त्रीय संगीत शिकलेल्यांना विचारायचंय, गुरुजींचे पाय चेपणं, त्यांची औषधं बघणं, हे अजूनही असं चालतं का? की सिनेमासाठी जरा गडद केलंय?

आणि गाण्याभोवती फिरणारं अजून काही सुचवा, सिनेमा किंवा मालिका, कुठलीही भाषा चालेल. ‘कट्यार काळजात घुसली’ पाठ आहे, ते सोडून. बाबांना सोबत बसवायचंय, तेव्हा थोडं वेगवान असेल तर बरं.