रोज एकाच वेळी पडणाऱ्या जॉबला रिट्राय लावणं बंद करा

रातपाळी (धागाकर्ता)

क्लाउडवरचा शेड्यूल्ड जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रात्री पडतो, म्हणजे अपयशी होतो, सकाळी कुणीतरी हाताने चालवतो, तो हिरवा होतो. स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) "काल नेटवर्कचं काहीतरी होतं" म्हणून विषय मिटतो. पुन्हा झालं की रिट्राय (आपोआप होणारे पुन्हा प्रयत्न) तीनचे पाच होतात. कधीमधी पडणाऱ्या जॉबला रिट्राय लावायला माझी ना नाही. पण जो ठरल्या वेळी ठरल्यासारखा पडतो, त्याला रिट्राय लावणं म्हणजे पुरावा पुसणं.

आधीच्या एका नोकरीतलं उदाहरण देतो. रात्री साडेबाराला आदल्या दिवसाचे व्यवहार भरणारा जॉब होता. रोज 'डुप्लिकेट की' (ही नोंद आधीच आहे) म्हणत पडायचा, ऑफिसात आल्यावर चालवला की सुरळीत. जॉब ज्या कंटेनरमध्ये (स्वतंत्र बंदिस्त डब्यात) चालायचा, त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. आपल्याकडे १ ऑगस्टच्या रात्रीचे साडेबारा, तेव्हा यूटीसीत ३१ जुलैच्या संध्याकाळचे सात. त्यामुळे कोड 'काल' म्हणून ३० जुलै काढायचा आणि ती तारीख आधीच भरलेली असायची. पहाटेचे साडेपाच झाले की यूटीसीतही १ तारीख लागते आणि 'काल' बरोबर येतो. म्हणजे साडेपाचनंतर कुणीही चालवला तरी तो चालणारच होता! टीमचं निदान काय, तर रात्री डेटाबेसवर लोड असतो. लोड कुणी मोजला होता? कुणीच नाही.

पायरीचा आंबा

असहमत. तुमचं उदाहरण झकास आहे, पण निवडून काढलेलं आहे. आमची लहान टीम, जॉब भरपूर. स्पॉट मशीन (स्वस्तातली, पण कधीही परत घेतली जाणारी) वापरतो, ॲमेझॉन ते परत घेताना दोन मिनिटांची नोटीस देतं. डेटाबेसचा फेलओव्हर होतो (मुख्य सर्व्हर पडून काम राखीववर जातं), डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) अडखळतं. बहुतेक जॉब दुसऱ्या फेरीत पार पडतात. प्रत्येक अपयशाची चौकशी लावली तर नवीन काम कधी करायचं? शिवाय दर वेळी फोन वाजायला लागला की लोक अलर्ट म्यूट करतात आणि खरा बिघाड त्यातच बुडतो. रिट्राय ही आळशीपणाची खूण नाही. क्लाउडमध्ये मशीन जाणारच, हे धरूनच ती सोय केलेली आहे.

रातपाळी

मशीन जाणं वेळापत्रक बघून होत नाही, हाच माझा मुद्दा आहे. तुमचे स्पॉटवाले जॉब महिनाभरात वेगवेगळ्या वेळी पडले असतील तर खुशाल रिट्राय ठेवा. पण पडण्याच्या वेळा कागदावर मांडून तरी बघितल्यात का? दर सोमवारी, दर महिनाअखेरीला, दर तासाच्या ठोक्याला असा काही नमुना दिसला तर कारण मशीनमध्ये नाही, वेळापत्रकात किंवा डेटात आहे.

तिसरा_डबा

रिट्रायने नुकसान कसं होतं ते मी सांगते. महिन्याच्या बिलांचे ईमेल पाठवणारं लॅम्डा फंक्शन (ॲमेझॉनच्या क्लाउडवर हाक आली की चालणारा छोटा प्रोग्राम) होतं. ग्राहक वाढत गेले आणि काम पंधरा मिनिटांच्या पुढे गेलं. लॅम्डाची कमाल मर्यादा तेवढीच आहे. पंधराव्या मिनिटाला ते मारलं गेलं. इव्हेंटब्रिजकडून (ठरल्या वेळी हाक देणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेकडून) आलेली हाक असिंक असते, म्हणजे हाक देणारा उत्तराची वाट बघत नाही, त्यामुळे कुणी काही सेट केलेलं नसतानाही आणखी दोनदा प्रयत्न होतो. तिन्ही वेळा यादी पहिल्या नावापासून! वरच्या ग्राहकांना तीन-तीन बिलं गेली, खालच्यांना एकही नाही. फोन अर्थातच वरच्यांचे आले, त्यामुळे 'ईमेल दोनदा जातात' असं तिकीट उघडलं गेलं आणि सगळे मेल सर्व्हर तपासत बसले.

पुन्हा चालवला तरी बिघडणार नाही असा जॉब आधी लिहा, मग रिट्राय लावा. कुबरनेटीसच्या (अनेक मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या) डॉक्युमेंटेशनमध्येही लिहिलंय की क्रॉनजॉबकडून (त्यातल्या वेळापत्रकाच्या सोयीकडून) क्वचित एकाऐवजी दोन जॉब तयार होऊ शकतात किंवा एकही होणार नाही.

पायरीचा आंबा

'तसा लिहा' हे सांगायला सोपं आहे. समोर जुनी बँकिंग सिस्टीम असते, एसएफटीपीवर (फाइल सुरक्षितपणे पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) फाइल टाकायची असते. पलीकडचे लोक 'ही फाइल आधी मिळाली' एवढंसुद्धा सांगत नाहीत. त्यांच्याकडून बदल करून घ्यायला वर्ष जातं.

तिसरा_डबा

त्यांच्याकडे बदल नकोच. पाठवलेल्याची नोंद आपल्याच टेबलात ठेवा. पाठवण्याआधी 'सुरू', नंतर 'झालं'. 'सुरू'वर अडकलेली ओळ दिसली तर जॉबने स्वतःहून पुढे न जाता माणसाला विचारावं. शंभर टक्के सुरक्षित नाही, पण तीन बिलं जात नाहीत.

जुना खोड

एक मशीन, एक क्रॉनटॅब (कुठला जॉब कधी चालवायचा याची यादी), एक लॉग फाइल. वीस ओळींच्या शेल स्क्रिप्टसाठी कंटेनर, क्लस्टर आणि डॅशबोर्ड कुणी सांगितले होते?

रातपाळी

खोडसाहेब, त्या एका मशीनवरही पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी) अपुरा असल्याने स्क्रिप्ट पडायची आणि एररचे मेल रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) मेलबॉक्समध्ये साचायचे. ते कोण वाचायचं, सांगा बरं!

आणि क्लस्टरमध्येही तसंच सापळ्यांचं रान आहे. क्रॉनजॉबची कॉन्करन्सी पॉलिसी (दोन फेऱ्या एकाच वेळी चालू द्यायच्या का, याचा नियम) न सांगता 'अलाऊ', म्हणजे चालू द्या, अशी असते. तासाभराच्या जॉबला सत्तर मिनिटं लागायला लागली की मागचा संपायच्या आत पुढचा सुरू होतो, दोघं एकाच टेबलावर झोंबतात आणि दोघंही टाइमआउट. ती 'फॉरबिड' (मनाई) केली की झोंबाझोंबी थांबते, पण मधली फेरी गुपचूप गळते. पडलेल्या जॉबचा इतिहास मुळात एकाचाच राहतो. रिस्टार्ट पॉलिसी 'ऑन फेल्युअर' (पडला की तिथेच पुन्हा सुरू करा) असेल तर प्रयत्न संपल्यावर पॉडच (जॉबचा कंटेनर ज्यात चालतो तो) काढून टाकला जातो, त्याबरोबर कुबसीटीएल या कमांडला दिसणारा लॉगही. सकाळी बघायला काय उरतं? म्हणून ती पॉलिसी 'नेव्हर' ठेवा आणि लॉग क्लस्टरबाहेर पाठवा. एक्झिट कोड १३७ (जॉब बळाने मारला गेल्याची खूण) आणि 'ओओएमकिल्ड' (मेमरी संपल्याने मारला) दिसलं तर तो मेमरीचा विषय आहे. तिथे दहा रिट्राय दिले तरी तेवढीच मेमरी मिळणार.

म्युनिकची_माई

इथे जर्मनीत आणखी एक तऱ्हा. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ दोनवरून थेट तीनवर जातं, म्हणून अडीचचा जॉब त्या रात्री नसतोच. ऑक्टोबरात तेच अडीच दोनदा वाजतात. भारतात हा त्रास नाही, पण तुमचं महिन्याच्या १ तारखेचं मध्यरात्रीचं काम यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला येतं. 'शेवटचा दिवस' साध्या पाच रकान्यांच्या क्रॉनमध्ये लिहिताच येत नाही. कुबरनेटीसमध्ये टाइमझोनचा रकाना १.२७ पासून पक्का झालाय, तो वापरा.

पायरीचा आंबा

हे सगळं मान्य. पण धाग्याचं शीर्षक अजूनही चूकच. खरं दुखणं रिट्राय नाही, जॉब न चालल्याचं कुणाला कळत नाही, हे आहे. गिटलॅबचं (कोड साठवणाऱ्या सेवेचं) ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण आठवा. चुकून प्रॉडक्शनचा डेटाबेस पुसला गेला आणि बॅकअप शोधायला गेले तर एसथ्रीची (ॲमेझॉनच्या फाइल साठवण्याच्या सेवेची) बकेट रिकामी. पोस्टग्रेस (त्यांचा डेटाबेस) ९.६ चं होतं आणि पीजी-डंप (त्याचा बॅकअप घेणारा प्रोग्राम) ९.२ चं चालत होतं, म्हणून रोजचा बॅकअप पडत होता. एररचे मेल निघत होते, पण डीमार्कच्या (मेल खरंच त्याच डोमेनवरून आला का, ते बघणाऱ्या) तपासणीत नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता म्हणून निभावलं. तिथे रिट्राय असता तरी फरक शून्य आणि नसताही शून्य. गरज होती ती उलट्या अलार्मची: ठरल्या वेळेत 'झालं'चा निरोप आला नाही तर घंटा वाजली पाहिजे. आणि नुसतं 'झालं' नको, फाइलचा आकारही तपासा.

रातपाळी

उलट्या अलार्मला पूर्ण पाठिंबा. पण बॅकअप रोज पडत होता, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ठरल्यासारखं पडणाऱ्यातलंच ते. तुमच्या रिट्रायवाल्या जॉबांमध्ये कितव्या प्रयत्नाला यश आलं, हे कुठे नोंदलं जातं का?

पायरीचा आंबा

नाही. ते लावतो. तारीखही कोडने घड्याळातून न काढता बाहेरून द्यायची, हेही घेतलं.

तिसरा_डबा

आंबासाहेब, एक राहिलं. कुबरनेटीस मुळात सहा रिट्राय देतं, मधलं अंतर दहा सेकंदांपासून दुप्पट होत जातं. जॉब लगेच पडत असेल तर दहा-अकरा मिनिटांत सहाही संपतात. बँकेची फाइल दोन तास उशिरा येणार असेल तर हे सहा कशाला? फाइल आली की सुरू होणारा जॉब करा.

पायरीचा आंबा

बँकेच्या फाइलपुरतं करतो. बाकी ठिकाणी रिट्राय राहणार. रात्री अडीचला फोन मला येतो, धागाकर्त्यांना नाही.