मदत हवी आहे: पाणकणसाचा हर्बेरियम नमुना

नमस्कार मंडळी. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यातून पाणकणीस (पाणथळीतलं उंच, गवतासारखं झाड) आणलंय; ते दाबून, वाळवून हर्बेरियमसाठी कागदाच्या शीटवर चिकटवायचंय. झाड माझ्याहून उंच आणि शीट जेमतेम ४२ बाय २८ सेंटिमीटरची! पानं इंग्रजी एनसारखी दुमडून बसवली, पण कणसाचं काय करू? मागच्या खेपेला अख्खं दाबलं, तर आतून ओलं राहून बुरशी धरली. दुसरं पिकलेलं होतं, ते फुटलं आणि घरभर कापूस झाला. उभं चिरून अर्धंच दाबलं तर चालेल का? वरचं नरकणीस आणि खालचं मादीकणीस यांच्यातली मोकळी दांडी ओळखीसाठी लागते, ती मोडायला नको. चिखलातलं मूळखोडही जोडावं का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा, उरलेली दोन कणसं अजून ओलीच आहेत.