धसका, बिथरणं, सुन्न होणं... 'मूड स्विंग'ला मराठीत काय म्हणायचं?

गंगाकाठ: मंडळी एक शब्द अडलाय. पीटीएसडीवरचं, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासावरचं, एक पत्रक मराठीत करतोय, त्यात 'मूड स्विंग' आलंय आणि सगळीकडे त्याला 'मनःस्थितीतील चढउतार' लिहिलेलं सापडतं. मला पटत नाही. चढउतार म्हणजे कसारा घाट, वळण दिसतं, गिअर बदलायला वेळ मिळतो. माझ्या मावशीचं तसं होत नाही. 2008 च्या पुरात नाशिकला सराफ बाजाराजवळ तिच्या घरात पाणी शिरलेलं. अजूनही पावसाळ्यात मेथी निवडत मस्त गप्पा मारत बसलेली असते, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की नातवावर खेकसते, आणि पाचव्या मिनिटाला रेशनकार्डाची पिशवी मांडीवर घेऊन गप्प. हाक मारली तरी ओ नाही.

सिडकोवाली: आधी धक्का आणि धसका वेगळे करा. धक्का बसतो, आपण सावरतो, संपलं. धसका आपण 'घेतो' आणि तो आत राहतो. ट्रॉमाला धसका इतका जवळचा शब्द नाही, पेपरवाले उगाच 'मानसिक आघात' लिहितात.

काळा मसाला: धसका बसतोही हं, आमची आजी तसंच म्हणायची. बाकी मुद्दा मान्य. खेकसण्याला मी 'बिथरणं' म्हणेन, पोळ्याला ढोल वाजला की बैल बिथरतो तसं. नंतरच्या गप्प बसण्याला 'सुन्न' किंवा 'बधिर'. फक्त पत्रकात बिथरणं नको, पेशंटला वाटेल आपल्याला जनावर म्हटलं.

जुना पंचवटीकर: ट्रॉमा मूळ ग्रीक, अर्थ जखम, म्हणजे 'आघात' अगदीच चूक नाही. पीटीएसडी हे नाव अधिकृत झालं 1980 मध्ये, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-3 या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे त्याला जोर आला. आणि निदानासाठी त्रास महिन्यापेक्षा जास्त टिकावा लागतो, त्यामुळे बॉस ओरडला की 'ट्रॉमा झाला यार' म्हणणारी कॉलेज रोडवरची पोरं बसत नाहीत यात. मूड स्विंग हा शब्दच इथे ढिला आहे. काहीतरी आठवण करून देणारं घडतं, आवाज, वास, एखादं वाक्य, आणि मेंदूतला धोक्याचा भोंगा विचार करायच्या आधी वाजतो. मग भीती, राग, किंवा उलट सगळंच बंद.

सिडकोवाली: बंद होणं यात सगळ्यात जास्त फसतं. लोक म्हणतात शांत झाली, आता बरी आहे. शांत नसते ती, थिजलेली असते.

गंगाकाठ: 'थिजणं' घेतो, धन्यवाद ताई. तुपासारखं, बाहेरून गार आणि घट्ट. वाक्य असं केलंय: "आठवण चाळवली की माणूस क्षणात दचकतो, चिडतो किंवा थिजतो." चढउतार काढून टाकला. मावशीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "दचकतो लिहिलंस ते बरोबर, पण पिशवीचं का नाही लिहिलं?"