मदत हवी आहे: जपानी हॉटेल आणि शाकाहारी सासूबाई

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या पन्नाशीला त्याला सुशी आणि टेबलावरच भाजून खायचं जपानी बार्बेक्यू, म्हणजे याकिनिकु, खायचंय. सासूबाई पक्क्या शाकाहारी, पण येणारच म्हणतात. काकडीची कप्पा माकी, म्हणजे सुशीचा रोल, त्यांना चालेल. घोळ आहे मिसो सूपचा. त्यातली दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी (स्टॉक), बहुतेकदा वाळवलेल्या बोनिटो माशाची असते, वर टोफू तरंगला म्हणून ते शाकाहारी होत नाही. कोम्बू (समुद्री शेवाळ) किंवा शिताके मशरूमची दाशी आणि भाज्यांसाठी वेगळी जाळी देणारं ठिकाण घोडबंदर रोड, वाशी किंवा सीवूड्सकडे आहे का? बीकेसी नको, शनिवारी संध्याकाळी ऐरोलीहून तिकडे कोण जाणार! महाग असलं तरी चालेल, पण माणशी अंदाज द्या. स्वतः जेवून आलेल्यांनीच सांगा, रील्स नकोत.