१६१३ (६बीटी): गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतं, मधेच काटा फुल जातो

कोळसाफेरी_उमरेड:
राम राम मंडळी. जुनी टाटा १६१३ ट्रक, कमिन्स ६बीटी इंजिन, डिझेलचा इनलाइन पंप. उमरेड ते कोराडी कोळशाच्या फेऱ्या. सकाळी थंड गाडी चालू केली की ऑइल प्रेशरचा काटा ४.५ बार. दुपारी लोडात गरम झाली की स्लोवर (रेस न देता) ०.५, सिग्नलला लाल लाइट फडफडतो. रेस दिली की १.८ च्या वर जात नाही. खड्ड्यात मधेच काटा एकदम शेवटाला जाऊन परत येतो. ऑइल १५डब्ल्यू४०, टाकावं लागत नाही. वाडीचे मिस्त्री म्हणतात हाफ इंजिन काढा, म्हणजे अर्धं इंजिन खोलून काम करा. काढू का?

वाडी_टूलबॉक्स:
थांबा भाऊ, चेंबरला (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीला) आत्ताच हात लावू नका. तुमच्या दोन तक्रारी आहेत, त्या वेगळ्या करा.

खड्ड्यात काटा फुल जातो तो वायरचा प्रकार. या गाड्यांत बहुतेक १० ते १८० ओहमचं युनिट (इंजिनवरचा प्रेशर सेन्सर) असतं: वायर तुटली की काटा फुल, बॉडीला लागली की शून्य. युनिटचं टर्मिनल घासा, अर्थिंग बघा.

मग युनिट काढून तिथे ०-१० बारचं मेकॅनिकल मीटर लावा, थ्रेड जुळवून. लोड मारून आल्यावर लगेच मोजा. थंड इंजिनचा आकडा काही सांगत नाही. ६बीटीला गरम असताना स्लोवर किमान ०.७ बार (१० पीएसआय) आणि रेटेड आरपीएमला २.१ बार (३० पीएसआय) लागतं. याच्या वर असेल तर इंजिन ठीक, युनिट बदला.

हिंगणा_लेथ:
माझ्या मते बेअरिंगच. वय झालं की क्रँकच्या मेन आणि बिग एंड बेअरिंगची फट वाढते, गरम पातळ ऑइल तिथूनच निसटतं. तोवर रेग्युलेटरच्या (जादा ऑइल प्रेशर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्प्रिंगखाली वायसर टाकून बघा.

वाडी_टूलबॉक्स:
वायसरने काही होणार नाही. तो व्हॉल्व्ह ४.५ बारच्या आसपास उघडतो, ०.५ ला तो बंदच असतो. बंद दरवाजाला आणखी कडी लावून काय उपयोग? उलट थंड्या स्टार्टला प्रेशर वाढून फिल्टरचं सील फुटायचं. हां, कचरा अडकून व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर वेगळं. फिल्टर हेडवरचा प्लग काढून प्लंजर बोटाने सरकतो का बघा. २०डब्ल्यू५० हे जाड ऑइल भरून काटा वर आणणं हीसुद्धा झाकाझाकच.

कोळसाफेरी_उमरेड:
मेकॅनिकल लावलं. गरम: स्लोवर ०.६, २००० आरपीएमला १.९. प्लंजर मोकळा. डिपस्टिकवर ऑइल फुल खुणेच्या थोडं वर दिसतंय, मी तर टाकलेलं नाही.

वाडी_टूलबॉक्स:
हे आधी सांगायला हवं होतं! लोडात चालणारं जुनं टर्बो इंजिन थोडं ऑइल खातंच. पातळी कमी होण्याऐवजी वाढते म्हणजे आत डिझेल किंवा पाणी जातंय. दुधाळ दिसलं तर पाणी. पातळ आणि वास डिझेलचा आला तर डिझेल. एक थेंब ब्लॉटिंग पेपरवर टाकून रात्रभर ठेवा: काळ्या डागाभोवती फिकं तेलकट कडं पसरलं तर डिझेलची शक्यता.

या इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या बाहेर असतात, म्हणून रिटर्न लाइन गळाली तर बाहेरच दिसते. आत जायची मुख्य वाट डिझेल पंपातून: फीडपंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) दांड्याचं सील किंवा मोठ्या पंपातले एलिमेंट (डिझेल दाबणारे प्लंजर). पंपाच्या कॅमकडचं ऑइल इंजिनचंच असतं, तिथे गळलेलं डिझेल थेट चेंबरात. फीडपंप स्वस्त आहे, आधी तो. नंतर मोठा पंप तपासणीच्या टेबलवर.

गळती बंद झाल्यावरच नवं ऑइल आणि फिल्टर टाका, आणि पुन्हा मोजा. जुना फिल्टर कापून कागद पिळून बघा. चकचकीत कपचे, त्यात तांब्याचा रंग, मिळाले तर हिंगणावाले भाऊ बरोबर, बेअरिंगचा वरचा थर गेला.

हिंगणा_लेथ:
डिझेलवाल्या ऑइलवर चालली असेल तर बेअरिंग घासलेलीच असणार, पण ठीक, क्रम हाच. चेंबर खोललाच तर सक्शन पाइपचं गॅस्केट नक्की बदला; तिथून हवा ओढली तर काटा थरथरतो. आणि पिस्टनवर ऑइल उडवून थंड करणारे नोझल सगळे जागेवर आहेत का, मोजा. एक जरी निसटलं तरी नव्या बेअरिंगवरही प्रेशर येत नाही, मग सगळे ऑइल पंपाला शिव्या घालतात.

रेडिएटरपण साफ करा, मे महिना आहे. जाळीत कोळशाची धूळ बसली की ऑइल जास्त तापतं आणि आकडा आणखी खाली जातो. हवा इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, समोरून मारली तर धूळ आणखी आत बसते.

कोळसाफेरी_उमरेड:
वास डिझेलचाच आहे. गाडी उभी केली, उद्या फीडपंप उतरवतो.