आईच्या परसातली कोणती पानं पाचव्या मजल्यावर जगतील?

परसदार · २ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. वडील गेल्यावर जानेवारीत आईला वेंगुर्ल्याहून पुण्याला माझ्याकडे आणलं. आई ७४ वर्षांची आहे. घरामागचं परसू म्हणजे तिचं अर्धं स्वयंपाकघर. डाळ चुलीवर ठेवायची, मागच्या दाराने बाहेर जायचं आणि कढीपत्त्याची डहाळी मोडून आणायची, असं तिचं पन्नास वर्षं चाललं. आता इथे सकाळी चहाचं आधण ठेवते आणि डबे उघडून बघत विचारते, "चायत पात नाय?" मी मंडईतून गवती चहा आणतो, पण तो दोन दिवसांत फ्रिजमध्ये कोरडा पडतो. तिचा तो प्रश्न रोज ऐकवत नाही, म्हणून इथे विचारतोय.

जागा अशी. सिंहगड रोड, पाचवा मजला, पश्चिमेची गॅलरी, आठ फूट बाय साडेतीन फूट. दुपारी एकपासून मावळेपर्यंत थेट ऊन, सकाळी अजिबात नाही. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे, तिच्या कठड्यावर चार लहान कुंड्या मावतात. तिथे साडेनऊपर्यंत कोवळं ऊन येतं.

आतापर्यंत काय केलं तेही सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये तीनदा धणे पेरले. पहिल्यांदा काहीच उगवलं नाही. दुसऱ्यांदा रोपं बोटभर झाली आणि एका दुपारी सगळी आडवी पडली. तिसऱ्यांदा चार-पाच पानं आली, तोच मधून दांडा वर गेला आणि पानं शेपूसारखी बारीक झाली. नर्सरीतून रोझमेरी, थाईम आणि बेसिल आणली होती. बेसिल आहे, बाकीची दोन महिन्याभरात वाळली. कढीपत्त्याचं फूटभर रोप अजून नर्सरीच्या काळ्या पिशवीतच आहे. चार महिन्यांत त्याला एकही नवं पान नाही.

एवढ्या जागेत नेमकं काय लावू? आणि एक मनातली गोष्ट. नागपंचमीला आई हळदीच्या पानातले पातोळे करते. यंदाची पानं घरची असावीत असं फार वाटतं. कुंडीत हळद होते का? तिला विचारलं तर म्हणते, "हळद काय लावची लागता? आपसूक येता."

---

ठाण्याची गच्ची · ३ मे, सकाळी ७.१५

दादा, चहा घेता घेता तुमचं वाचलं आणि कप तसाच ठेवून लिहायला बसले. माझं माहेर सावंतवाडी. चहात पात नसली की सकाळ झाल्यासारखी वाटत नाही, हे मला वेगळं समजवायला नको. १८ वर्षं कुंड्यांत हेच करतेय, त्यातलं उपयोगी तेवढं सांगते.

आधी कागद घ्या आणि घरात कुठलं पान किती लागतं ते लिहा. कोथिंबीर मुठीने लागते. माझ्या बारा इंची कुंडीतून दीड महिन्याने जेमतेम एक जुडी निघते, ती आपल्या घरात दोन दिवसांत संपते. मग कुंडी पुन्हा रिकामी. उलट कढीपत्ता फोडणीला आठ-दहा पानं, पात दोघांच्या चहाला दोन. ही झाडं तोडली की पुन्हा फुटतात, आणि बाजारातून आणली की उरलेली वाया जातात. थोडं लागतं, रोज लागतं आणि तोडल्यावर परत येतं, तेच कुंडीत लावायचं. माझा तर हा एकच निकष आहे. त्याने तुमची यादी आपोआप ठरते: गवती चहा, कढीपत्ता, पुदिना, पानओवा आणि हळद.

सगळ्यात आधी गवती चहा. आजच लावा. बिया शोधू नका, आपल्याकडचा गवती चहा बीवर येत नाही, तो गड्डा फोडूनच लावतात. मंडईत भाजीवाल्याला सांगितलंत की बुडाशी थोडी मुळं असलेले कोंब आणून देतो. तीन कोंब चौदा इंची कुंडीत लावा, वरची पात अर्धी कापून टाका. पश्चिमेचं ऊन त्याला सोसतं, फक्त मे महिन्यात संध्याकाळी पोटभर पाणी हवं. दीड-दोन महिन्यांत कापायला सुरुवात होते. बुडापासून चार बोटं ठेवून कात्रीने कापा. पात ओढून तोडू नका, तिच्या कडा बोटं कापतात. आईंना आधीच माहीत असेल, तुम्हाला सांगतेय.

आता हळद. तुमच्या आईंचं बोलणं अगदी खरं आहे. परसात काढताना कंदाचे तुकडे मातीत राहतात आणि पहिल्या पावसाला तेच उगवून येतात, म्हणून ती आपसूक येते. कुंडीत मात्र कंद आपल्याला ठेवावा लागतो, आणि त्याची वेळ हीच आहे. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत लावली तर चालते, पण तुम्हाला नागपंचमीला पानं हवीत, तर हा आठवडा सोडू नका. किराणा दुकानातली हळकुंडं लावू नका. ती उकडून वाळवलेली असतात, त्यांना कोंब येत नाही. ओला कंद हवा, डोळे फुगलेला. वेंगुर्ल्याच्या शेजाऱ्यांना सांगितलंत तर एसटीने येणाऱ्या कुणाबरोबरही पाठवतील. बोटभर लांबीचे तुकडे, प्रत्येकाला एक-दोन डोळे, दोन इंच खोल, डोळा वर. बारा इंची कुंडीत तीन तुकडे पुरेत. कोंब वर येईपर्यंत माती नुसती ओलसर ठेवा. या दिवसांत पाणी जास्त झालं तर कंद कुजतो आणि आपल्याला कळायला महिना लागतो. हळदीला अर्धी सावली चालते, म्हणून ती कठड्याच्या आत जमिनीवर ठेवा, गवती चहाच्या मागे. पुण्याच्या मेमध्ये दुपारचं ऊन थेट लागलं तर पानाच्या कडा भाजतात, आणि पातोळ्याला कडा फाटलेलं पान उपयोगाचं नाही. एका झाडाची सगळी पानं काढू नका. खालची दोन काढली तर कंदही पोसतो.

कढीपत्त्याला आधी त्या पिशवीतून सोडवा. मुळं पिशवीत गोल फिरून बसली असतील. थंडीत तो तसाही झोपलेला असतो, जानेवारी-फेब्रुवारीत पान आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पण आता एप्रिल उलटला, आता जागा हवी. संध्याकाळी चौदा इंची कुंडीत हलवा. दोन वाटे लाल माती, एक वाटा शेणखत, एक वाटा जाडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडीच्या बुडाचं भोक खापरीच्या तुकड्याने झाका, बुजवू नका. महिन्यानंतर जीव धरल्यासारखं वाटलं की शेंडा खुडा. हात धजावत नाही, पण शेंडा खुडल्याशिवाय बाजूला फांद्या फुटत नाहीत. पुढेही एकेक पान न ओरबाडता अख्खी डहाळी काढायची, तुमच्या आई काढायच्या तशी. पंधरवड्यातून एकदा वाटीभर आंबट ताक चौपट पाण्यात घालून देते. माझ्या आजीची पद्धत, झाडाला मानवते.

पावसात त्याच्यावर अळ्या येतील. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. हात लावला तर डोक्यातून लालसर शिंग काढून उग्र वास सोडतात. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे, म्हणून लिंबावरची फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉर्मनही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. रोप लहान असताना दोन अळ्यासुद्धा त्याचा खराटा करतात, तेव्हा त्यांना उचलून सोसायटीतल्या एखाद्या लिंबावर सोडा. झाड मोठं झालं की एक फांदी त्यांना द्या. मी देते.

पुदिना पूर्वेच्या खिडकीत. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा, पेराच्या खाली कापून पेल्यात ठेवा. आठवड्यात मुळं येतात. त्याला कुंडी वेगळीच द्या, तो धुमारे टाकत शेजाऱ्याची जागा घेतो. शेजारी पानओवा. त्याचं कांडं एक दिवस सावलीत सुकू द्या, मग खोचा. पाणी अगदी बेताचं. या जाड लोकरी पानांची भजी होतात. फोडणीतला ओवा मात्र वेगळ्या झाडाचा. वास सारखा, झाडं निराळी.

रोझमेरी-थाईमचं मनाला लावून घेऊ नका. ती भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्यातली. उथळ कुंडी, भरपूर वाळू आणि पावसापासून आडोसा मिळाला तर टिकतात. पण आईंच्या स्वयंपाकात ती कुठे लागतात? त्यांची जागा हळदीला द्या.

---

संत्रानगरी · ३ मे, दुपारी १.०५

ताईंनी कोथिंबीर सोडून दिली, मी सोडत नाही. नागपुरात आम्ही तिला सांबार म्हणतो, आणि सांबारवडीच्या घरात वाढलेल्या माणसाला कुंडीत सांबार नाही हे पटतच नाही.

दादा, तुमची चूक हाताची नाही, महिन्याची आहे. कोथिंबीर थंडीची. ऊन तापलं की तिला वाटतं आता दिवस संपले, मग ती पानं सोडून फुलावर जाते. तुम्ही पाहिलेला दांडा आणि बारीक पानं म्हणजे तेच. आडवी पडलेली रोपं बहुधा दाट पेरणीने आणि पाण्याने बुडाशी कुजली असावीत. आता थांबा. दसरा झाला की पेरा. धणा चपलेने किंवा लाटण्याने हलका रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करा, दोन्हींत एकेक बी असतं. पीठ होऊ देऊ नका. रात्रभर भिजवून पेरा, अर्धा इंच माती वर. आठ ते बारा दिवस लागतात, तोवर कुंडी उकरून बघू नका. आणि ज्या कुंडीत न्यायची तिथेच पेरा, उपटून लावलेली कोथिंबीर रुसते. दर पंधरा दिवसांनी एक टब पेरत गेलं की फेब्रुवारीपर्यंत खंड पडत नाही. मूठभर लागते म्हणून लावायचीच नाही हे मला मान्य नाही. हिवाळ्यात वरणावर टाकायला ताजी चार पानं मिळाली तरी जेवणाचा नूर बदलतो.

---

तिसरा मजला · ३ मे, रात्री ९.२०

ताकाबद्दल थोडं वेगळं सांगते. मी घट्ट ताक घातलं होतं, कुंडीत मुंग्या झाल्या आणि वास सुटला. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. गॅलरीत कुंड्या असतील तर ताक अगदी पातळ करा, आणि सगळ्या कुंड्यांखाली ताटल्या ठेवा. कठड्याच्या बाहेरच्या जाळीवर कुंडी ठेवू नका, पाचव्या मजल्यावरून वाऱ्याने पडली तर कुणाचा जीव जाईल.

---

ठाण्याची गच्ची · ३ मे, रात्री ९.५०

बरोबर आहे. माझं ताक लोणी काढलेलं, पाण्यासारखं पातळ असतं, ते सांगायला हवं होतं. आणि सांबारवाल्या दादांचं दसऱ्याचं म्हणणं मान्य. तोवर हळद उंच झालेली असेल, तेव्हा टब पूर्वेच्या खिडकीत ठेवावा.

---

जर्सीतला कढीपत्ता · ४ मे, सकाळी ६.३०

मी न्यू जर्सीत असते. इथे कढीपत्ता ऑक्टोबरपासून घरात घ्यावा लागतो. रात्री १० अंशांच्या खाली गेल्या की पानं गळायला लागतात. पहिल्या वर्षी सगळी पानं गेली, मेला समजून मी कुंडी तळघरात ठेवली. एप्रिलमध्ये बुडातून कोंब निघाला तेव्हा मी खरंच रडले. त्यामुळे नवं पान नाही म्हणून रोप टाकू नका. सालीला नखाने हलकं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. आणि इथल्या मंडळींसाठी: रोप स्थानिकच घ्या. लिंबूवर्गाचा रोग पसरवणाऱ्या किडीमुळे फ्लोरिडा-कॅलिफोर्नियासारख्या राज्यांतून ते बाहेर न्यायला बंधनं आहेत.

---

परसदार · २१ मे, रात्री ११.००

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. शेजारच्या काकांनी वेंगुर्ल्याहून आमच्याच परसातली हळद पाठवली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तांबडी माती लागलेली. आईने ती माती झटकू दिली नाही, तशीच कुंडीत घातली. तुकडे तिनेच केले, मी फक्त कुंडी धरली. गवती चहाचे तीन कोंब लावलेत, दोन फुटलेत. कढीपत्ता हलवला, मुळं खरंच गोल फिरलेली होती. शेंडा आईने खुडला, मला विचारलंसुद्धा नाही.

---

परसदार · १८ ऑगस्ट, सकाळी ८.१०

काल नागपंचमी झाली. हळदीच्या दोन कुंड्यांतून अकरा पानं मिळाली. परसातल्यापेक्षा अरुंद आहेत, म्हणून आईने पातोळे लहान केले. तांदळाचं पीठ भिजवून पानावर थापलं, मधे गूळ-खोबरं, पान दुमडून मोदकपात्रात. झाकण काढल्यावर जो वास आला, त्याने आई थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाबांका हो वास आवडायचो."

चहात रोज पात असते. पानओव्याची भजी दोनदा झाली. कढीपत्त्याला तीन फांद्या आल्यात, अळ्याही आल्या. आई त्या काढू देत नाही, म्हणून निम्म्या मी खालच्या लिंबावर नेऊन सोडल्या.

आता विचारायचं एवढंच, की कंद कधी काढायचा? आणि पुढच्या वर्षीसाठी काही ठेवायचा का?

---

ठाण्याची गच्ची · १८ ऑगस्ट, सकाळी ८.४५

दादा, वाचून डोळे भरून आले. कंदाची घाई नको. थंडीत पानं पिवळी पडून स्वतःच आडवी होतील, तेव्हा पाणी बंद करा आणि जानेवारीच्या शेवटी कुंडी उलटी करा. मधला जाड गड्डा बियाण्याला बाजूला काढा, कोरड्या वाळूत घालून सावलीत ठेवा. बाजूची बोटं खायला. त्यातलं एक ओलं बोट किसून मीठ-लिंबू लावून आईंना द्या.