प्रति: खानापूरच्या झेरॉक्स-डीटीपी दुकानातला जुना पीसी, अपग्रेड की नवा?

तुमचा पीसी म्हणजे आय-५ ४५७० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क; यावरच खर्च करावा की नवा घ्यावा, हा तुमचा प्रश्न. वर सगळ्यांनी रॅम वाढवा म्हटलंय. मी आधी हार्डडिस्ककडे बघेन. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा. त्यातल्या ०५ किंवा सी५ या, डिस्कचे खराब भाग मोजणाऱ्या ओळींची रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) शून्याच्या वर असेल, तर गिऱ्हाइकांच्या फायली आजच दुसरीकडे उतरवा.

मग हार्डडिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (हार्डडिस्कसारखीच केबलने जोडायची, पण वेगवान डिस्क) घ्या, २५६ जीबी पुरते. एनव्हीएमई (एसएसडीचा नवा, आणखी वेगवान प्रकार) नको, या पिढीचे बोर्ड त्यावरून सहसा बूट होत नाहीत. केबल बोर्डवरच्या ६ जीबीपीएसच्या साटा पोर्टात लावा, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटाचा मोड एएचसीआय ठेवा आणि विंडोज नव्याने टाका. कन्नड-मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट आधी कॉपी करून ठेवा, नाहीतर जुन्या फायली उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतील. रॅम डीडीआर३चीच, ४ जीबीची आणखी एक पट्टी. डीडीआर४ची खाच वेगळी, ती बसतच नाही.

पावसाळ्यात तीन बीप देऊन बंद पडतो म्हणता, तो बहुतेक ओलीचा त्रास. रॅमच्या पट्टीचे सोनेरी पाय खोडरबराने पुसा. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र स्वस्तातला घेऊ नका, आपल्याकडे लाईट ये-जा करते तेव्हा पहिला तोच जातो, जाताना बोर्डही नेतो.

बोर्डवरचे कपॅसिटर (छोटे उभे डबीसारखे भाग) फुगले असतील तर या पीसीवरचा खर्च थांबवा. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. बँकेचे व्यवहार यावर नकोत.